फिल्टरच्या पुढचा कीस: थीटा-२ इंजिनं आणि नाकारलेली वॉरंटी

इंजिनात ऑइल कुठून कुठे जातं हे कळलं की ह्युंडाई-किया गाड्यांच्या थीटा-२ इंजिनांचं निम्मं प्रकरण कळतं. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल स्ट्रेनरमधून, म्हणजे जाळीतून, पंपात येतं. पंप ते फिल्टरमधून ढकलतो. तिथून ते ब्लॉकमधल्या मुख्य गॅलरीत, गॅलरीतून मेन बेअरिंगवर आणि मेन बेअरिंगवरून क्रँकशाफ्टच्या पोटात तिरकस पाडलेल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बिग एंड बेअरिंगवर पोहोचतं. म्हणजे या वाटेवर फिल्टर क्रँकच्या अलीकडे आहे. क्रँकच्या भोकांत कारखान्यातच धातूचा कीस राहिला असेल, तर तो फिल्टरच्या पलीकडचा माल झाला. ऑइल वेळेवर बदला, बाजारातला सगळ्यात महाग फिल्टर बसवा, तो कीस आधी बेअरिंगमधून जाणार आणि मगच चेंबरमार्गे फिल्टरपर्यंत येणार.

तरीही अमेरिकेत या इंजिनांचे वॉरंटी दावे वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर अडत राहिले: ऑइल बदलल्याच्या पावत्या आहेत का?

इंजिन आणि तारखा

थीटा-२ हे ह्युंडाई आणि किया या भावंड कंपन्यांचं चार सिलिंडरचं, ॲल्युमिनियम ब्लॉकचं, टायमिंग चेनवर चालणारं पेट्रोल इंजिन. वाद आहे तो त्याच्या जीडीआय प्रकारांचा, म्हणजे सिलिंडरमध्येच थेट पेट्रोल फवारणाऱ्या २.४ लिटर आणि २.० लिटर टर्बो इंजिनांचा. २०११ मॉडेलच्या सोनाटापासून ही इंजिनं अलाबामा राज्यातल्या ह्युंडाईच्या कारखान्यात बनू लागली. सांता फे स्पोर्ट आणि कियाच्या ऑप्टिमा, सोरेंटो, स्पोर्टेज या गाड्यांतही हीच इंजिनं होती.

सप्टेंबर २०१५ मध्ये पहिला रिकॉल आला, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या. २०११ आणि २०१२ मॉडेलच्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा त्यात होत्या. कंपनीने अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला, म्हणजे एनएचटीएसएला, दिलेलं कारण असं: ११ डिसेंबर २००९ ते १२ एप्रिल २०१२ या काळात बनलेल्या इंजिनांच्या क्रँकशाफ्टवर मशिनिंगनंतर धातूचा कीस राहिला असू शकतो. तोवर बर, म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेला धातूचा कंगोरा, काढायचं काम यांत्रिक पद्धतीने व्हायचं. एप्रिल २०१२ पासून वेट ब्लास्ट, म्हणजे घासणारे कण मिसळलेलं पाणी दाबाने मारून साफ करण्याची पद्धत आली. पुण्या-चाकणच्या कोणत्याही मशिन शॉपमधल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आडव्या-तिरक्या भोकांचा छेद जिथे होतो तिथली बर हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही.

मात्र २०१५ च्या यादीत फक्त सोनाटा होती. तेच इंजिन असलेल्या इतर गाड्या बाहेर राहिल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये ह्युंडाईतलेच दीर्घकाळचे अभियंता किम ग्वांग-हो कंपनीची अंतर्गत कागदपत्रं घेऊन एनएचटीएसएकडे गेले. त्याच वर्षी त्यांना नोकरीवरून काढण्यात आलं. मार्च २०१७ च्या अखेरीस दुसरा रिकॉल आला: ह्युंडाईच्या सुमारे ५ लाख ७२ हजार आणि कियाच्या सुमारे ६ लाख १८ हजार गाड्या. कोरियात आधी हा अलाबामातल्या कारखान्यापुरता प्रश्न असल्याचं सांगितलं गेलं होतं. तिथेही एप्रिल २०१७ मध्ये सुमारे १ लाख ७१ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी एनएचटीएसएशी तडजोड केली. १६ लाखांहून अधिक गाड्यांचे रिकॉल वेळेवर केले नाहीत, हा ठपका होता. ह्युंडाईवर १४ कोटी डॉलर आणि कियावर ७ कोटी डॉलर, असा एकूण २१ कोटींचा दंड ठरला. त्यातले ८ कोटी १० लाख रोख भरायचे होते, बाकीची रक्कम सुरक्षेच्या कामांवर खर्च करायची किंवा पुन्हा चूक झाली तरच भरायची होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळालं. एनएचटीएसएने अशा माहितीसाठी दिलेलं ते पहिलंच बक्षीस.

गाडीमालकाच्या दृष्टीने या इतिहासाचा उपयोग एकच. नकार मिळालेल्या अनेक मालकांचा नकार या तारखांच्या मधल्या काळातला आहे. दोष कंपनीने कागदावर मान्य केला होता, पण त्यांच्या मॉडेलसाठी नव्हता. तेव्हाचा नकार आता तसाच धरून बसायचं कारण नाही.

बेअरिंग जातं ते कसं

बिग एंड बेअरिंग म्हणजे बॉल बेअरिंग नव्हे. पातळ, अर्धगोल अशा दोन वाट्या असतात, त्यांना शेल म्हणतात. शेल आणि त्यात फिरणारा क्रँकचा भाग, म्हणजे क्रँकपिन, यांच्यात साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर फट असते, केसाच्या जाडीहूनही कमी. त्या फटीत ऑइलचा थर तयार होतो आणि क्रँक त्यावर तरंगतो. ऑइलचं दुसरं काम म्हणजे उष्णता वाहून नेणं. भोकात कीस अडकला की वाहणारं ऑइल कमी होतं, शेल तापतं, वरचा मऊ थर सुटू लागतो आणि फट वाढते. वाढलेल्या फटीतून ऑइल जास्तच निसटतं, दाब उतरतो आणि शेल आणखी तापतं. इथून पुढे ते दुरुस्त होत नाही, फक्त वेगाने बिघडत जातं.

पहिली खूण म्हणजे धातूवर धातू आपटल्यासारखा, एका तालातला ठकठक आवाज. इंजिनाचे फेरे वाढले की ठोक्यांची गती वाढते. टॅपेटचा आवाज वरून येतो, हलका असतो आणि गाडी गरम झाल्यावर पुष्कळदा कमी होतो. रॉडचा आवाज खालून येतो, जड असतो आणि गरम ऑइलवर वाढतो. खात्री करायची असेल तर स्कॅनरने एकेका सिलिंडरचा इंजेक्टर बंद करून ऐकावं. ज्या सिलिंडरवर ठोका दबतो, तिथलं बेअरिंग सैल आहे. आयडलिंगला ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकायला लागला असेल, तर हा प्रयोगही करू नये.

तसंच चालवत राहिलं तर शेल आपल्या जागेवरून फिरतं आणि ऑइलचं भोक पूर्ण झाकून टाकतं. मग इंजिन चालत्या गाडीत बसतं किंवा रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पाडतो. गरम ऑइल एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते. टक्कर न होता लागलेल्या आगींबद्दल सेंटर फॉर ऑटो सेफ्टी या संस्थेने २०१८ मध्ये एनएचटीएसएकडे अर्ज केला होता. एनएचटीएसएने २०१९ मध्ये या आगींची तपासणी सुरू केली.

नकार कोणत्या शब्दांत येतो

सगळ्यात सरळ नकार दुसऱ्या मालकाला मिळायचा. अमेरिकेत या कंपन्यांची जाहिरात १० वर्षं किंवा १ लाख मैलांच्या पॉवरट्रेन, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या, वॉरंटीची. पण ती पहिल्या मालकापुरती. गाडी विकली की दुसऱ्या मालकाच्या हातात ५ वर्षं किंवा ६० हजार मैलच उरतात, तेही मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजून. शिकायला किंवा नोकरीला गेलेले आपल्याकडचे लोक तिथे पहिली गाडी बहुधा जुनीच घेतात. ऑप्टिमा किंवा सोनाटा ७० हजार मैलांवर स्वस्तात मिळाली, विकणाऱ्याने "दहा वर्षांची वॉरंटी आहे" असं सांगितलं, आणि इंजिन गेल्यावर कळलं की ती वॉरंटी त्या विकणाऱ्याचीच होती. रिकॉल आणि त्यासोबत वाढवलेली शॉर्ट ब्लॉकची, म्हणजे हाफ इंजिनाची, वॉरंटी मात्र पुढच्या मालकांनाही लागू होते. हा फरक काउंटरवर आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

दुसरा नकार म्हणजे "देखभालीची नोंद नाही". दोन-तीन ऑइल बदलींच्या पावत्या नसल्या की फाइल बंद. घरी स्वतः ऑइल बदलणाऱ्यांची इथे जास्त अडचण झाली. वास्तविक अमेरिकेचा १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा सांगतो की कंपनी स्वतःच्याच डीलरकडून सर्व्हिस किंवा स्वतःचेच पार्ट वापरण्याची अट वॉरंटीसाठी घालू शकत नाही, ते फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरचा फिल्टर होता म्हणून दावा नाकारायचा असेल, तर त्या फिल्टरमुळेच नुकसान झालं हे कंपनीने दाखवावं लागतं. "बाहेरचा फिल्टर" हे दोन शब्द म्हणजे कारण नव्हे.

तिसरा नकार "स्लज" या शब्दाचा. ऑइल भरायच्या झाकणातून मोबाइलने एक फोटो, त्यात तपकिरी रंग, आणि निष्कर्ष: निष्काळजीपणा. जीडीआय इंजिनात ६०-७० हजार मैलांनंतर टॅपेट कव्हरखाली तपकिरी वार्निश असतंच. वार्निश म्हणजे धातूला चिकटलेली पातळ रंगछटा, बोटाने पुसून निघत नाही. स्लज म्हणजे बोटाने खरवडून काढता येणारा, जाड, काळा, गाळासारखा थर. फोटोत दोन्ही सारखे दिसतात, म्हणूनच फोटोवर समाधान मानू नये.

चौथा नकार "ऑइल कमी होतं". इथे एक साधी गोष्ट विसरली जाते. रॉडने ब्लॉक फोडला असेल तर ऑइल रस्त्यावर सांडलेलं असतं. चेंबरमध्ये उरलेल्या लिटरभर ऑइलवरून बिघाडाआधी किती होतं हे कळत नाही. ब्लॉक शाबूत असेल तर मोजमापाला अर्थ आहे: २.४ लिटर इंजिनात फिल्टरसह साडेचार लिटरच्या आसपास ऑइल बसतं. चार लिटर निघालं तर "कमी" या शब्दाला काही अर्थ उरत नाही. दीड लिटर निघालं तर बाजू खरंच कमकुवत आहे. मग इंजिन आधीपासून ऑइल खात होतं का आणि त्याची तक्रार कुठे नोंदवली होती का, हे शोधावं लागतं.

खोललेलं इंजिन वाचताना

पावत्यांवरून वाद घालण्यापेक्षा इंजिन खोलून बघणं दोन्ही बाजूंना जास्त खरं सांगतं, पण कुठे बघायचं ते माहीत हवं.

ऑइल न बदलल्याची खूण सगळीकडे सारखी पसरलेली असते. कॅमशाफ्टच्या भोवती, चेनच्या कव्हरखाली, ऑइल खाली उतरायच्या वाटांमध्ये आणि स्ट्रेनरच्या जाळीवर गाळ साचलेला दिसतो. चेन ढिली झालेली असते, कॅमच्या बैठका घासलेल्या असतात आणि चारही रॉड बेअरिंगं कमीजास्त प्रमाणात झिजलेली असतात. स्ट्रेनरची जाळी अर्धी बुजलेली असेल तर कंपनीचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे, हे मान्य करायला हवं.

क्रँकमधल्या किसाची खूण एकाच जागी तीव्र असते. वरचा भाग स्वच्छ, स्ट्रेनर मोकळा, कॅमच्या बैठका गुळगुळीत, मेन बेअरिंगं ठीक. आणि चारपैकी एक बिग एंड पूर्ण गेलेलं: शेल चेपून पत्र्यासारखं झालेलं, क्रँकपिन निळी-काळी पडलेली. बाकीच्या शेलवर फिरण्याच्या दिशेने गेलेले बारीक ओरखडे किंवा रुतलेले चमकदार कण दिसतात. हे चित्र मालकाच्या बाजूचं आहे.

मधली परिस्थिती अवघड. ऑइल कमी पडून गेलेल्या इंजिनातही आधी रॉड बेअरिंगंच जातात. तिथे फरक करायला कॅमच्या बैठका आणि पिस्टनचे स्कर्ट, म्हणजे खालच्या बाजू, बघाव्यात. ऑइल खरंच कमी असेल तर सहसा एकापेक्षा जास्त सिलिंडरांवर परिणाम दिसतो. चेंबरच्या तळाशी चमकदार चुरा सापडला, यावर मात्र कोणीही उड्या मारू नयेत. बेअरिंग गेल्यावर चुरा होतोच. तो कारणही असतो आणि परिणामही.

ऑइलचा नमुना बहुतेक मालक घेत नाहीत, आणि तोच सगळ्यात स्वस्त पुरावा असतो. चेंबरचा बोल्ट काढल्यावर पहिली धार सोडून द्यायची, मधल्या धारेतून १०० ते १५० मिलिलिटर ऑइल स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्यायचं आणि त्यावर तारीख, मैल आणि चॅसी नंबर लिहायचा. प्रयोगशाळेत लोह, तांबं, शिसं, कथील, ॲल्युमिनियम मोजतात. पण नकाराविरुद्ध खरे उपयोगी आकडे दुसरे: ऑइलचं ऑक्सिडेशन आणि त्यात उरलेली आम्ल मारण्याची क्षमता, ज्याला टीबीएन म्हणतात. हे आकडे ऑइल किती थकलेलं होतं ते सांगतात. टीबीएन चांगला उरला असेल तर "वर्षभर ऑइल बदललंच नाही" हे म्हणणं टिकत नाही. सिलिकॉन जास्त असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेल्याची शंका येते, आणि ते मालकाच्या विरोधात जातं. जीडीआय इंजिनात ऑइलमध्ये पेट्रोल मिसळण्याचं प्रमाणही बघून घ्यावं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला सोसत नाही.

जुना फिल्टर फेकू देऊ नये. त्याचा डबा कटरने कापून कागद उलगडायचा. करवतीने कापू नये, तिचाच कीस आत पडतो आणि पुरावा बाद होतो.

आवाज आल्यापासूनचा क्रम

आवाज आला की गाडी बाजूला घेऊन बंद करावी, पुन्हा चालू करू नये, टो करून न्यावी. "घरापर्यंत नेऊ, चार मैल तर आहेत" या विचाराने पुष्कळ दावे बुडतात, कारण दिवा लागल्यानंतर चालवलं हे गाडीच्या संगणकातून निघू शकतं. बंद करण्याआधीच्या दहा-वीस सेकंदांचा आवाज मोबाइलवर घ्यावा. इंजिन थंड झाल्यावर डिपस्टिकचा फोटो, मैलांच्या आकड्याचा फोटो आणि टो करणाऱ्याची पावती.

डीलरकडे गाडी देण्याआधी १७ अक्षरांचा चॅसी नंबर एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकून बाकी असलेले रिकॉल बघावेत. जॉब कार्डावर लक्षणं आपल्या शब्दांत लिहून घ्यावीत: "फेऱ्यांबरोबर वाढणारा ठोका, ऑइल प्रेशरचा दिवा". "इंजिन चेक करणे" एवढंच लिहिलेलं जॉब कार्ड नंतर कामाला येत नाही.

मग येतो खरा सापळा, इंजिन खोलण्याची परवानगी. दावा मान्य झाला तर खर्च कंपनीचा आणि नाकारला तर मालकाचा, अशी अट असते. हा खर्च हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: काय काय खोलणार, नकार आला तर किती पैसे, आणि काढलेले भाग मालकाला परत मिळतील का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. शेल, क्रँकपिनचे फोटो, स्ट्रेनर आणि फिल्टर हातात नसतील तर पुढे वाद कशावर घालायचा?

पावत्यांचं म्हणाल तर मूळ बिलच लागतं असं नाही. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट, पार्टच्या दुकानातल्या सदस्य खात्यावरचा खरेदीचा इतिहास, सर्व्हिस सेंटरकडून मागवलेली नोंद, जुन्या मालकाच्या नावाने झालेली सर्व्हिस, सगळं चालतं. घरी ऑइल बदलणाऱ्याने ऑइल आणि फिल्टरच्या खरेदीची पावती आणि तारीख-मैल लिहिलेली वही ठेवावी. राहून गेलेली बदली राहून गेली असंच सांगावं. एकाच पेनाने एकाच बैठकीत भरलेली सहा वर्षांची वही सर्व्हिस मॅनेजर दुरून ओळखतो, आणि मग खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नकार तोंडी घेऊ नये. वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं, कोणत्या निरीक्षणावरून आणि कोणाच्या सहीने, हे लेखी मागावं. लेखी मागितल्यावर भाषा अनेकदा मवाळ होते. त्यानंतर डीलरला वगळून थेट कंपनीच्या ग्राहक विभागाकडे, त्याच वेळी एनएचटीएसएकडे तक्रार, आणि मग राज्याचा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाड्यांबाबतचा कायदा, किंवा छोट्या दाव्यांचं न्यायालय.

तडजोडीने काय बदललं

कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयातल्या सामूहिक दाव्यात झालेल्या तडजोडीने पावत्यांचा मुद्दा बऱ्याच अंशी बाजूला सारला. २०११ ते २०१९ मॉडेलच्या, थीटा-२ जीडीआय इंजिन असलेल्या गाड्यांसाठी शॉर्ट ब्लॉकवर, आपल्याकडे मिस्त्री ज्याला हाफ इंजिन म्हणतात त्यावर, आजीवन वॉरंटी आली. ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन आणि त्यांची बेअरिंगं त्यात येतात. आधी खिशातून केलेली दुरुस्ती, टोइंग आणि भाड्याची गाडी यांच्या भरपाईची सोयही होती, पण अर्जाच्या मुदतीत.

नकार देता येतो तो "असाधारण हेळसांड" असेल तरच, आणि तिची व्याख्या कागदावर आहे. किमान वर्षभर देखभाल न केल्यामुळे गाडी मोडकळीला आलेली, टाकून दिल्यासारखी किंवा दुरुस्तीपलीकडची दिसत असेल, तर ती हेळसांड. एक पावती हरवली, दोन हजार मैल उशीर झाला, हे या व्याख्येत बसत नाही. काउंटरवर "मेंटेनन्स रेकॉर्ड नाही" ऐकलं तर हीच व्याख्या समोर ठेवावी.

एक अट मात्र पक्की आहे. केएसडीएस हे सॉफ्टवेअर गाडीत भरून घेतलेलं हवं. ते इंजिनावर आधीपासून असलेल्या नॉक सेन्सरचाच, म्हणजे ठोके टिपणाऱ्या सेन्सरचाच, वापर करतं. बेअरिंग सैल होताना ब्लॉकमध्ये जी कंपनं येतात ती ओळखून चेक इंजिनचा दिवा लुकलुकवतं, पी१३२६ हा कोड नोंदवतं आणि इंजिनाचे फेरे १,८०० ते २,००० च्या आसपास रोखून धरतं. हायवेवर गाडी एकदम मरगळल्यासारखी होते. बऱ्याच लोकांना तो गिअरबॉक्सचा दोष वाटतो. काही मालकांनी "सॉफ्टवेअरने बेअरिंग थोडंच सुधारतं" म्हणून ते भरून घेतलं नाही. म्हणणं यांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण वॉरंटीच्या दृष्टीने महागात पडणारं. सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांत ते न भरणं हेही हेळसांडीच्या व्याख्येत घातलं आहे. जुनी गाडी घेताना हे सॉफ्टवेअर भरल्याची नोंद डीलरकडून चॅसी नंबरवर तपासता येते, आणि ती नसेल तर गाडी घेऊ नये.

पी१३२६ दिसला म्हणजे इंजिन गेलंच असं नाही. कधी सेन्सर किंवा त्याची वायरिंग खराब असते. आधी बेअरिंगची तपासणी, मग निर्णय.

दावा मान्य झाल्यावरही एक चूक होते. नवं हाफ इंजिन बसवताना जुना ऑइल कूलर आणि टर्बोच्या ऑइल नळ्या तशाच जोडल्या जातात. आधीच्या बेअरिंगचा चुरा कूलरच्या अरुंद वाटांमध्ये बसलेला असतो आणि धुऊन पूर्ण निघत नाही. तो नव्या बेअरिंगवर येतो. कूलर नवा घातला का, हे बिलावर पार्ट नंबरसह बघावं. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० ते १,००० मैलांत बदलावं, कंपनीने सांगितलं नसलं तरी.

हेच महाराष्ट्रात घडलं तर

इथे मॅग्नुसन-मॉस नाही, तसे सामूहिक दावेही फारसे होत नाहीत. आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. गाडीची किंमत म्हणून भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, तक्रार करणारा जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. नाशिकच्या माणसाने नाशिकमध्येच करावी. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वर्कशॉपच्या "साहेब, कंपनीला मेल टाकलाय" या उत्तरावर त्यातले आठ-दहा महिने सहज निघून जातात. म्हणून पहिल्या लेखी नकाराची तारीख जपून ठेवावी.

मागणी काय करावी हेही ठरवून घ्यावं. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींनुसार दोष असलेला भाग बदलून देणं योग्य मानलं, सगळी गाडी नव्हे. त्यामुळे "नवीन गाडी द्या" हीच एकमेव मागणी ठेवण्यापेक्षा इंजिन, टोइंग, गाडी बंद राहिलेल्या दिवसांचा खर्च आणि वाढीव वॉरंटी अशी मोजता येणारी मागणी टिकते.

उत्पादनातला दोष नुसत्या शपथपत्राने सिद्ध होत नाही. त्यासाठी कलम ३८ मध्ये सोय आहे: तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिचं शुल्क तक्रारदाराने भरायचं असतं आणि अहवालाला ४५ दिवसांची मुदत असते. हा अर्ज तक्रारीसोबतच करावा. तोवर इंजिन वर्कशॉपच्या कोपऱ्यात उघडं पडू देऊ नये. शेल, क्रँक, स्ट्रेनर आणि कापलेला फिल्टर ऑइल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सिलिंडर क्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवावेत. पावसाळ्यात दोन महिन्यांत क्रँकपिनवर गंज चढतो, आणि मग निळी पडलेली पिन कोणती आणि गंजलेली कोणती हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही.